वकील लावताना फीचं बोलणं आधी करा

सौंसरच्या एका काकांनी परवा संत्र्याच्या बागेच्या वाटणीची केस दाखवली. वकालतनाम्यावर सही झालेली, पण फी दर पेशीची की पूर्ण केसची, हेच त्यांना माहीत नव्हतं.

वकालतनामा म्हणजे तुमच्या वतीने उभं राहण्याचा अधिकार. फी वेगळी ठरवा, कागदावर लिहून घ्या. कोर्ट फी, टायपिंग, नोटरी त्यात धरली आहे का? प्रकरण जबलपूरला हायकोर्टात गेलं तर? पावती मागायला संकोच नको.

‘जिंकलो तर जमिनीत हिस्सा’ असा सौदा वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे तर प्रत्येकाला माहीत हवं. सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलं. ते प्रकरण आपल्याच मध्य प्रदेशातल्या राज्य सहकारी बँकेचं! थकबाकीसाठी वकिलाने वेगळा कायदेशीर मार्ग धरावा.

महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

पांढुर्णा-सौंसरकडच्या कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. फक्त केसमधली नावं लिहू नका.