उदासीचा मेंदूतला पत्ता

बाह्यरुग्ण विभागात आलेला नैराश्याचा रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणतो. झोप पहाटे तीनलाच मोडते, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही, डोके जड राहते, अशा त्याच्या तक्रारी असतात. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, ईसीजी सगळे नॉर्मल येते. मग सोबत आलेले नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि म्हणतात, “बघा, काही नाही. उगाच विचार करत बसते.” रुग्णाच्या वाट्याला आता आजाराबरोबर अपराधीपणही येते. रिपोर्टमध्ये काही सापडले नाही, म्हणजे दोष आपल्याच स्वभावात आहे, असे तो धरून चालतो.

या समजाला छेद देणारे काम ज्यांनी केले, त्यांत हेलन मेबर्ग या अमेरिकी संशोधिकेचे नाव अग्रभागी आहे. त्या मूळच्या न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांच्या डॉक्टर. पार्किन्सनच्या अनेक रुग्णांना नैराश्यही येते. ते केवळ आजारपणाच्या दुःखामुळे येते, की मेंदूतच काही बदललेले असते, हा त्यांचा सुरुवातीचा प्रश्न होता. पेट स्कॅनमध्ये मेंदूचा कोणता भाग किती काम करतो आहे ते दिसते. या स्कॅनमध्ये अशा रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागाचे काम मंदावलेले आढळले.

१९९९ मध्ये त्यांच्या गटाने एक साधा पण महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना आयुष्यातली दुःखद आठवण मनात आणायला सांगितले आणि त्या वेळी स्कॅन केले. मेंदूच्या खोल भागातल्या एका छोट्या पट्ट्यात हालचाल वाढली आणि त्याच वेळी विचार, निर्णय, एकाग्रता सांभाळणाऱ्या पुढच्या भागात ती कमी झाली. नैराश्याचे रुग्ण औषधाने बरे झाले, तेव्हा नेमके उलटे चित्र दिसले. खोल भाग शांत झाला होता आणि पुढचा भाग पुन्हा कामाला लागला होता.

या खोल पट्ट्याला ‘क्षेत्र २५’ म्हणतात. कोर्बिनियान ब्रॉडमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मेंदूच्या बाह्यस्तराचा नकाशा काढून भागांना क्रमांक दिले, त्यातला हा एक. कपाळाच्या मागे, दोन्ही अर्धगोलांच्या मध्यरेषेलगत तो असतो. त्याचे महत्त्व त्याच्या जोडण्यांत आहे. भूक, झोप आणि अंगातला जोम सांभाळणारी केंद्रे, भीती आणि स्मरणाची केंद्रे, विचार करणारा पुढचा भाग, या सगळ्यांशी त्याचे धागे जुळलेले आहेत. नैराश्याचा रुग्ण झोपेची आणि भुकेची तक्रार घेऊन का येतो, ‘मन लागत नाही’ आणि ‘पाय उचलत नाही’ हे एकाच दमात का सांगतो, याचा उलगडा इथे होतो. घरातला दिवा लागत नाही तेव्हा दोष दर वेळी बल्बमध्ये नसतो, वायरिंगमध्येही असू शकतो. नैराश्य हा अशा जोडण्यांच्या जाळ्याचा, म्हणजे सर्किटचा बिघाड आहे, अशी मेबर्ग यांची मांडणी आहे. ‘एखादे रसायन कमी पडले’ या जुन्या स्पष्टीकरणापेक्षा ती बरीच पुढे जाते.

मांडणी खरी असेल, तर त्या जागी हस्तक्षेप केल्यावर फरक पडायला हवा. कॅनडातल्या टोरांटो येथे मेंदूशल्यविशारद आंद्रेस लोझानो यांच्यासोबत त्यांनी तसा प्रयत्न केला. पार्किन्सनसाठी वापरली जाणारी डीप ब्रेन स्टिम्युलेशनची पद्धत त्यांनी निवडली. मेंदूत बारीक तारा बसवायच्या, छातीत गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकरसारखी बॅटरी ठेवायची आणि सौम्य विद्युतप्रवाह द्यायचा. गोळ्या, समुपदेशन, शॉक उपचार यांपैकी कशालाच दाद न देणारे सहा रुग्ण निवडले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी ते जागे होते. प्रवाह सुरू होताच काहींनी मनावरचे ओझे अचानक हलके झाल्याचे सांगितले. सहा महिन्यांनंतर सहापैकी चौघांची सुधारणा टिकून होती. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढचा भाग मात्र यशाचा नाही आणि तो वाचकांना सांगितलाच पाहिजे. अमेरिकेत ९० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सर्वांना तारा बसवल्या, पण सुरुवातीचे सहा महिने काहींचे यंत्र बंदच ठेवले. कोणाचे चालू आणि कोणाचे बंद, हे रुग्णांना माहीत नव्हते. यंत्र चालू असलेल्यांपैकी २० टक्के सुधारले, बंद असलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे सांगण्याजोगा फरक नव्हता. नव्या रुग्णांची भरती मध्येच थांबवावी लागली. पण त्याच रुग्णांचे यंत्र पुढे चालू ठेवल्यावर दोन वर्षांनी जवळपास निम्म्या जणांत सुधारणा दिसली. सहा महिने अपुरे होते का? तारेची जागा चुकत होती का? यावर काम सुरू झाले, तेव्हा लक्षात आले की तार नुसती क्षेत्र २५ मध्ये असून भागत नाही. तिथून जाणारे चार तंतुसमूह जिथे एकत्र येतात, तो बिंदू प्रत्येक रुग्णात स्कॅनवरून शोधावा लागतो.

२०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात मेंदूतले संकेत नोंदवणारे यंत्र दहा रुग्णांना बसवले होते. २४ आठवड्यांनी दहापैकी नऊ जण सुधारले, सात जणांचे नैराश्य ओसरले. संगणकाने त्या संकेतांतून सुधारणेची खूण शोधली. एका रुग्णाचा आजार उलटला, तेव्हा ती खूण काही आठवडे आधीच बिघडलेली आढळली. मात्र रुग्ण फक्त दहा होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे हा उपचार अजून संशोधनाच्याच पातळीवर आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची संमती आणि मंडळाची मंजुरी दोन्ही लागतात. कोणी असा उपचार सहज देऊ करत असेल, तर सावध राहा.

मग सामान्य रुग्णाने यातून काय घ्यावे? मेबर्ग यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की मेंदूतल्या इन्सुला या भागाचे काम मंद असलेल्यांना समुपदेशनाचा, तर तीव्र असलेल्यांना एस्सिटॅलोप्राम या गोळीचा गुण आला. हे स्कॅन अजून नेहमीच्या वापरात नाही. पण एका उपचाराला दाद न देणारा रुग्ण दुसऱ्याला देऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट होते. पहिल्या गोळीने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांशच असतात. गोळीचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते. ‘गुण येत नाही’ म्हणून आठव्या दिवशी किंवा ‘आता बरे आहे’ म्हणून दुसऱ्या महिन्यात ती स्वतःहून बंद करणे, हीच आपल्याकडची मोठी अडचण आहे. भूल देऊन केलेला शॉक उपचारही तीव्र नैराश्यात परिणामकारक आहे. त्याला घाबरण्याचे कारण नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी ८० हून अधिक जण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भुकेत बदल, कशातच रस न वाटणे असे काही जाणवत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे, तिथे मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. आणि घरच्यांनी ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे सांगण्याऐवजी रुग्णासोबत दवाखान्यात यावे. मधुमेहाच्या रुग्णाला आपण ‘साखर वाढवून घेऊ नकोस’ एवढेच सांगून घरी बसवत नाही.