सामायिक तक्ता आणि छपाईची घडी

शाळेचे निकालपत्रक आता पट्टीने रेघा ओढून तयार होत नाही. संगणकावर एक्सेलचा तक्ता मांडायचा, तो सगळ्या गुरुजींना आणि बाईंना खुला करून द्यायचा, आणि ज्याने त्याने आपापल्या विषयाचे गुण आपल्या जागेवरून भरायचे. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण छापायची वेळ आली की घोडे पेंड खाते. काल आडवा असलेला कागद आज उभा झालेला असतो. दुसऱ्या पानावर रकान्यांचे मथळेच नसतात. आणि पटावर 48 मुले असताना कागदावर 45 च उमटतात.

ही शेवटची तीन मुले कोणती असतात? बहुधा उशिरा दाखल झालेली. आईबाप ऊसतोडीहून परतल्यावर शाळेत आलेली, म्हणून यादीच्या तळाशी लिहिलेली. कागदावर नाव नाही म्हणजे त्या कागदावरून होणाऱ्या पुढच्या यादीतही नाव नाही. म्हणून ही नुसती कागद देखणा दिसण्याची गोष्ट नव्हे.

असे होते का, ते आधी पाहू. समास किती, कागद उभा की आडवा, कोणता भाग छापायचा, या सगळ्या सूचना तक्त्याच्या त्या त्या पानाबरोबर फाइलमध्येच साठवलेल्या असतात. माणशी वेगळ्या नसतात. एकाने आपल्या सोयीसाठी कागद उभा केला की तो सर्वांचाच उभा झाला. शिवाय छापायचा भाग, ज्याला तिथे ‘प्रिंट एरिया’ म्हणतात, तो आखून दिलेला चौकोन असतो. त्याच्या मध्ये नवी ओळ घातली तर चौकोन वाढतो. त्याच्या खाली नाव लिहिले तर ते चौकोनाबाहेर राहते. पडद्यावर दिसते, कागदावर येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तक्त्याला कुलूप घातले की झाले. ‘रिव्ह्यू’मध्ये ‘प्रोटेक्ट शीट’ आहेच की! पुष्कळ ठिकाणी हीच समजूत असते. पण ते कुलूप चौकोनांतल्या मजकुराचे आहे. सूत्रे कोणी पुसू नयेत, रकाने कमीजास्त करू नयेत, एवढे ते पाहते. समास आणि कागदाची दिशा कुलूप असतानाही बदलता येते. दाराला कडी, पण खिडकी सताड उघडी, असा हा प्रकार आहे.

मग करावे काय? भरण्याचे पान आणि छापण्याचे पान वेगळे ठेवावे. एका पानाला ‘भरणी’ नाव द्या, दुसऱ्याला ‘छपाई’. छपाईच्या पानावर कोणी हाताने काही लिहायचे नाही. तिथे फक्त सूत्रे, भरणीतला मजकूर उचलून आणणारी. कागदाची दिशा, समास, मथळे हे सारे याच पानावर एकदा नीट बसवा. मग ते पान ‘हाइड’ करून लपवा, आणि ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ वापरून पुस्तकाच्या रचनेला परवलीचा शब्द लावा. रचनेला कुलूप असले की लपवलेले पान कोणाला बाहेर काढता येत नाही. आणि जे पान हाती लागत नाही, त्याची घडी कोण मोडणार? अर्थात हे कुलूप चोरासाठी नाही, चुकून लागणाऱ्या हातासाठी आहे. गुपित राखायला त्याचा भरवसा धरू नये.

सूत्र लिहिताना एक सांभाळा. नुसता चौकोनाचा पत्ता दिला, तर भरणीतला रिकामा चौकोन छपाईत शून्य होऊन येतो. म्हणजे ज्या मुलाचे गुण अजून भरायचेच आहेत, त्याला गणितात शून्य! म्हणून ‘इफ’चे सूत्र घाला: तिथे रिकामे असेल तर इथेही रिकामे, नाहीतर तिथले जसेच्या तसे. सूत्रे पटापेक्षा दहा-पंधरा ओळी जास्तच ओढून ठेवा आणि छापायचा चौकोनही तिथपर्यंत आखा, म्हणजे उशिरा येणाऱ्या मुलांची सोय झाली.

भरणीच्या पानावर मात्र ते पहिले कुलूप उपयोगी आहे. गुण भरायचे चौकोन तेवढे मोकळे ठेवून ‘प्रोटेक्ट शीट’ लावा. नाहीतर कोणी मधली ओळ पुसून टाकली, की छपाईच्या पानावर त्या मुलाच्या जागी चुकीची खूण उमटते. मजकूर ‘कट’ करून दुसरीकडे हलवू नका, हेही सर्वांना सांगून ठेवा. तसे केले तर सूत्र त्याच्या मागोमाग जाते.

पानात मजकूर बसवताना रुंदी एक पान आणि उंची आपोआप, असे ठेवा. दोन्हीकडे एक लिहिले तर साठ नावे मुंगीएवढी होतील. असे बसवले, की हाताने घातलेले पानांचे तोड एक्सेल मानत नाही, हेही ध्यानात असू द्या. ‘प्रिंट टायटल्स’मध्ये मथळ्याच्या ओळी सांगितल्या की त्या प्रत्येक पानावर येतात. कागद ए-फोरच निवडला आहे ना, तेही पाहा. अमेरिकेतला ‘लेटर’ कागद 279 मिलिमीटर लांब, आपला ए-फोर 297. अठरा मिलिमीटरांत नेहमीच्या उंचीच्या तीन ओळी जातात.

छापायच्या दिवशी सामायिक फाइलमध्ये हात घालू नका. तिची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवा, त्या प्रतीत परवलीचा शब्द देऊन छपाईचे पान उघडा आणि त्याची पीडीएफ काढा. तालुक्याच्या दुकानात छापायला पीडीएफच न्या, मूळ तक्ता नको. तिथल्या संगणकावर तुमचा मराठी टंक नसेल तर अक्षरे बदलतात, मजकूर पसरतो आणि पाने सरकतात. पीडीएफ काढल्यावर शेवटचे पान उघडून शेवटचा अनुक्रमांक पाहा, आणि तो पटावरच्या संख्येशी ताडून मगच दुकानाची वाट धरा.