कालवा-शुल्क
आंतरराष्ट्रीय कालव्यातून जाणाऱ्या जहाजांवरील आकार. ईजिप्तने १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण केल्यापासून सुएझ कालव्याचे शुल्क सुएझ कालवा प्राधिकरण ठरविते. ते मुख्यतः जहाजाच्या निव्वळ टनभारावर अवलंबून असते. जहाजमालकांच्या संघटना दरवाढीची पूर्वसूचना व सवलती मागतात. अंतिम निर्णय मात्र प्राधिकरणाचाच असतो. केप ऑफ गुड होपचा लांबचा मार्ग हेच जहाजमालकांचे खरे बळ होय. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे तिकडे वळली. ती परत यावीत म्हणून प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मोठ्या कंटेनर-जहाजांना ९० दिवसांसाठी १५ टक्के सवलत जाहीर केली. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वाहनांचे सुटे भाग न्हावा-शेवा बंदरातून यूरोपास जातात. तेथील कारखानदारांना या वाटाघाटींत स्थान नसते. वाढलेले भाडे व विलंब मात्र त्यांनाही सोसावे लागतात.