तडजोडीवर सही करण्यापूर्वी : अमिरातीतील अपघात-भरपाईचा हिशेब

दुबई सिलिकॉन ओएसिस : ६ जून २०१९ रोजी, ईदच्या सुट्टीच्या अखेरीस, मस्कतहून दुबईला येणारी प्रवासी बस रशिदिया मेट्रो स्थानकाकडे वळताना उंची-मर्यादेच्या लोखंडी अडथळ्यावर आदळली. १७ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १२ भारतीय होते. न्यायालयाने चालकाला दोषी ठरवले आणि मृतांच्या वारसांना एकूण ३४ लाख दिरहम ‘दिया’, म्हणजे रक्तमूल्य, देण्याचा आदेश दिला. हिशेब प्रत्येक जिवामागे २ लाखांचा होता. त्याच अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका तरुण भारतीय विद्यार्थ्याला मात्र ५० लाख दिरहमांची भरपाई मिळाल्याचे एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाले. विमा तंट्यांच्या प्राथमिक यंत्रणेने त्याला १० लाख मंजूर केले होते. न्यायालयात ती रक्कम पाचपट झाली.

हे आकडे प्रथमदर्शनी विसंगत वाटतात. परंतु अमिरातीतील भरपाईचे मर्म त्यांतच आहे. दिया ही कायद्याने ठरवून दिलेली रक्कम आहे. जखमीची भरपाई मात्र कोणत्याही तक्त्यात नसते. जेवढी हानी सिद्ध होईल, तेवढीच ती मिळते. म्हणून घाईने केलेली तडजोड पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

कोणता कायदा लागू?

सिलिकॉन ओएसिस हे मुक्त क्षेत्र असल्याने येथे निराळा कायदा चालतो, असा समज अनेक मराठी व्यावसायिकांमध्ये आढळतो. तो बरोबर नाही. स्वतःचे दिवाणी कायदे आणि इंग्रजीतून चालणारी न्यायालये दुबई आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राला आहेत. सिलिकॉन ओएसिसला नाहीत. येथील अपघाताला संघराज्याचे कायदे लागू होतात, दावे सामान्यतः दुबई न्यायालयांत चालतात आणि त्यांचे कामकाज अरबीतून होते. शेख मोहम्मद बिन झायेद रस्ता आणि दुबई–अल ऐन रस्ता या दोन वेगवान महामार्गांच्या संगमावर वसलेल्या या वसाहतीतील रहिवाशांनी हे आधीच जाणून घ्यावे.

फौजदारी निकाल हा पाया

इजा झालेल्या अपघातात प्रथम पोलीस अहवाल, मग वाहतूक अभियोग विभाग आणि फौजदारी न्यायालय असा क्रम असतो. दोष कोणाचा, हे तेथे अंतिमतः ठरले की दिवाणी न्यायालय तो प्रश्न पुन्हा उकरत नाही. केवळ रकमेचा विचार करते. म्हणून पोलीस अहवालातील प्रत्येक ओळ महत्त्वाची असते. जखमीचाही काही दोष आढळल्यास भरपाई त्या प्रमाणात घटते. मार्च २०२५ पासून लागू झालेल्या वाहतूक कायद्याने नेमून दिलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी शिक्षा अधिक कडक केल्या आहेत. पादचाऱ्यांच्या दाव्यांत हा मुद्दा हमखास पुढे येतो.

याच टप्प्यावर चालकाचे नातेवाईक किंवा सहकारी ‘तनाझुल’ म्हणजे माफीनामा मागण्यास येतात. चालकही बहुधा आपल्यासारखाच परदेशी नोकरदार असतो. त्याच्यावर दया दाखवणे माणुसकीला धरूनच आहे. मात्र त्या कागदात ‘सर्व हक्क सोडत आहे’ असे मोघम शब्द असू नयेत. ‘फौजदारी तक्रारीपुरती माफी, दिवाणी भरपाईचा व विमा कंपनीविरुद्धचा हक्क राखून’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. पैसे चालकाच्या खिशातून नव्हे, तर त्याच्या वाहनाच्या विम्यातून यायचे असतात. २०१७ पासून लागू असलेल्या एकरूप वाहन विमापत्रानुसार तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या हानीला २० लाख दिरहमांची मर्यादा आहे. शारीरिक इजेसाठी मात्र न्यायालय ठरवील ती रक्कम विमा कंपनीने द्यायची असते.

रक्कम कशी ठरते?

भारतात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गुणकाची पद्धत रूढ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा आणि २०१७ मधील प्रणय सेठी या निकालांत ती पक्की केली. समजा, ३४ वर्षांच्या अभियंत्याचे करवजा वार्षिक उत्पन्न १२ लाख रुपये आहे आणि त्याची कमावण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटली. या वयाला गुणक १६. भावी वेतनवाढ न धरताही केवळ उत्पन्नाच्या हानीपोटी ५७ लाख ६० हजार रुपये होतात. पुण्यातील वकील असा आकडा पंधरा मिनिटांत सांगू शकतो.

दुबईत असे गणित नाही. १९८५ च्या दिवाणी व्यवहार कायद्याने प्रत्यक्ष झालेली हानी, बुडालेली मिळकत आणि मानसिक क्लेश हे तीन आधार मान्य केले. त्यांचे मोल न्यायाधीश आपल्या विवेकाने ठरवतात. त्यामुळे अधिकृत वैद्यकीय अहवालात नोंदलेली कायम अपंगत्वाची टक्केवारी निर्णायक ठरते. बसच्या प्रकरणातील विद्यार्थ्याचा दावाही मेंदूच्या इजेमुळे आलेल्या कायम अपंगत्वाच्या वैद्यकीय निष्कर्षावर उभा होता. वेतनपत्रके, रजेची नोंद, बुडालेला बोनस, औषधोपचारांची बिले, पुढील शस्त्रक्रियेचा अंदाजी खर्च आणि घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार यांपैकी ज्याचा कागद नाही, ते न्यायालयाच्या दृष्टीने घडलेलेच नाही.

त्याच कायद्याने आणखी एक दंडक घातला : एकाच शारीरिक हानीसाठी दिया आणि भरपाई ही दोन्ही, उभयपक्षी वेगळे ठरले नसल्यास, एकत्र घेता येत नाहीत. दिवाणी कायद्याची फेररचना होत असल्याने आपल्या अपघाताच्या तारखेला कोणती तरतूद लागू होते, हे वकिलाकडून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

कार्यालयाच्या वाटेवरचा अपघात

घर ते कार्यालय या सरळ प्रवासातील, वाट न सोडता झालेला अपघात अमिरातीच्या कामगार कायद्यात ‘कामावरील इजा’ गणला जातो. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि मनुष्यबळ विभाग अशी अनुपस्थिती साधी आजारी रजा म्हणून नोंदवून मोकळा होतो. फरक मोठा आहे. आजारी रजा वर्षाला कमाल ९० दिवस : पहिले १५ दिवस पूर्ण वेतन, पुढील ३० दिवस अर्धे, उरलेले बिनपगारी. कामावरील इजेत उपचारांचा खर्च मालकावर असतो. शिवाय सहा महिन्यांपर्यंत पूर्ण वेतन आणि त्यानंतर आणखी सहा महिने अर्धे वेतन मिळते. मृत्यू किंवा कायम पूर्ण अपंगत्व आल्यास २४ महिन्यांच्या मूळ वेतनाएवढी भरपाई देय असते. ती किमान १८ हजार व कमाल २ लाख दिरहम. येथे ‘मूळ वेतन’ हा शब्द नीट वाचावा : घरभाडे आणि इतर भत्ते त्यात येत नाहीत.

दाव्याची वाट आणि मुदत

उपचार स्थिरावल्यावर प्रथम विमा कंपनीकडे लेखी मागणी करावी. नकार किंवा अपुरा देकार आल्यास ‘सनदक’ या वित्त व विमा तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे. तो टप्पा ओलांडल्याशिवाय विमा कंपनीविरुद्धचा दावा न्यायालय दाखल करून घेत नाही. तेथील निर्णय अमान्य असल्यास न्यायालयात जाण्याची मुदत अल्प असते, हे ध्यानात ठेवावे. मूळ दाव्यासाठी १९८५ च्या कायद्याने घातलेली मुदत, हानी व जबाबदार व्यक्ती कळल्यापासून तीन वर्षांची.

वकिलाची फी आधी लेखी ठरवावी. २०२२ च्या वकिली कायद्याने यशावर आधारित फीला परवानगी दिली, पण तिला २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. रुग्णालयातच कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात विनामूल्य कायदेशीर सल्ला मिळतो.

वारस महाराष्ट्रात असतील तर वारस दाखला, विवाह व जन्माचे दाखले आणि मुखत्यारपत्र यांवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय व अमिरातीची वकिलात यांचे प्रमाणीकरण लागते. पुढे दुबईत कायदेशीर अरबी भाषांतर करावे लागते. यात महिने जातात, म्हणून सुरुवात लवकर करावी.

सहीपूर्वीचे चार प्रश्न

विमा कंपनीचा पहिला देकार बहुधा तुम्हाला पैशांची सर्वाधिक निकड असते तेव्हा येतो. सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. अपंगत्वाची टक्केवारी अंतिम झाली आहे काय? मुक्तता केवळ विमा कंपनीला आहे, की चालक, वाहनमालक व आपला मालक या सर्वांना? ‘भविष्यात उद्भवणारी हानी’ हे शब्द त्यात आहेत काय? आणि अरबी मजकूर इंग्रजी मजकुराशी जुळतो काय, कारण न्यायालयात अरबीच ग्राह्य धरली जाते?

तडजोड करणे वाईट नव्हे. वाजवी रक्कम लवकर हाती येणे हे अनेकदा दीर्घ खटल्यापेक्षा शहाणपणाचे असते. पण गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी लागणार, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच मुक्तिपत्र दिले, तर त्या शस्त्रक्रियेचे बिल तुमच्या नावावर येते.