प्रणाली अद्ययावत करताना आपल्या सेटिंगचे काय होते?

संगणकातील सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेताना एक शंका हमखास येते : आपण बदललेली सेटिंग टिकेल का? लिनक्समध्ये यासाठी ठरलेली पद्धत आहे. तिची माहिती येथे देत आहोत.

लिनक्समध्ये प्रिंटर, नेटवर्क वगैरेंची सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत असते. या फायली बहुधा 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. सॉफ्टवेअरबरोबर एक तयार फाइल येते व आपण तिच्यात गरजेप्रमाणे बदल करतो. छापील वेळापत्रकावर आपण पेन्सिलने दुरुस्त्या करतो, तसेच हे. पुढे नवे वेळापत्रक आले, तर त्या दुरुस्त्यांचे काय करायचे?

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियनमध्ये हे काम 'डीपीकेजी' हा प्रोग्राम करतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे. डीपीकेजी मूळ फाइलीच्या मजकुरावरून काढलेला एक संकेतांक जपून ठेवतो. एक अक्षर बदलले तरी संकेतांक बदलतो. त्यावरून तो मूळ, आपली आणि नवी अशा तीन फायली ताडून पाहतो.

१) आपण बदल केला नसेल, तर नवी फाइल न विचारता बसते.

२) फक्त आपणच बदल केला असेल, तर आपली फाइल तशीच राहते.

३) दोन्हीकडे बदल असतील, तर तो थांबून विचारतो. नुसते एंटर दाबल्यास आपली फाइल राहते व नवी 'डीपीकेजी-डिस्ट' या शेपटीसह शेजारी ठेवली जाते. नवी स्वीकारल्यास आपली 'डीपीकेजी-ओल्ड' म्हणून जपली जाते.

फेडोरामध्ये असा प्रश्न येत नाही. तेथे बहुधा आपली फाइल राहते आणि नवी 'आरपीएमन्यू' नावाने शेजारी येते.

मात्र जुनी फाइल ठेवणे प्रत्येक वेळी सुरक्षित नसते. नव्या फाइलीत सुरक्षेची एखादी दुरुस्ती असू शकते, आणि ती आपल्याकडे येतच नाही. म्हणून डेबियनने विचारल्यावर 'डी' दाबून दोन्हींतील फरक आधी वाचावा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे मूळ फाइलीला हातच न लावणे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये आपले बदल वेगळ्या छोट्या फाइलीत लिहिण्याची सोय असते. पालकांनी व संगणक सांभाळणाऱ्यांनी प्रत्येक बदल तारखेसह वहीत नोंदवावा, म्हणजे पुढच्या माणसाला तो का केला हे कळेल.