महिनाभर रिकामी टाकी

दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या नौपाड्यातली आमची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली. सामान हलवायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता, माणसं पलंग उतरवत होती आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फिश टँकचा फिल्टर उघडून बसले होते. त्यातला काळपट, बुळबुळीत स्पंज काढला, टाकीतलंच पाणी घालून एका डब्यात ठेवला. डबा अर्धा रिकामा ठेवला, कारण आत हवा हवी होती. मग तो मांडीवर घेऊन रिक्षाने पाचपाखाडीतल्या भाड्याच्या घरी गेले. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "अहो, दागिने आहेत का त्यात?" मासे मागून आले, झाकणाच्या दोन बादल्यांतून. संध्याकाळी त्याच स्पंजावर टाकी पुन्हा सुरू झाली आणि एकही मासा दगावला नाही.

मासे पाळायचे म्हणजे काय सांभाळायचं, याचं उत्तर त्या डब्यात होतं. मासा श्वास घेतो, खातो, विष्ठा टाकतो आणि हे सगळं एकाच पाण्यात करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनियाच होतो. नदीत हा अमोनिया वाहून जातो, काचेच्या पेटीत त्याला जायला वाट नसते. तिथे कामाला येतात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच, कारण ते रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो. हे नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात, पाणवनस्पती शोषून घेतात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू मुख्यतः पाण्यात तरंगत नाहीत. स्पंजाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, पानांवर ते चिकटून राहतात. म्हणून त्या दिवशी सगळ्यांत मौल्यवान वस्तू ती काळी बुळबुळ होती.

नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ही एक गोष्ट दुकानात फारशी कुणी सांगत नाही आणि घरोघरचे मासे मुख्यतः तिच्यापायीच मरतात. माझी पहिली टाकी अशीच गेली. रविवारी सकाळी टाकी, खडी, पंप आणि अठरा मासे एकदमच घरी आणले. दुकानदाराने मासे त्याच दिवशी सोडायला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले. मी घाबरून सगळं पाणी बदललं, स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. म्हणजे जे थोडेफार जिवाणू धरले होते, तेही क्लोरीनने मारून टाकले. आठव्या दिवशी तीन मासे उरले. पाणी शेवटपर्यंत स्वच्छ, नितळ दिसत होतं. अमोनियाला त्या प्रमाणात ना रंग असतो, ना वास.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असतं, की टाकी आणा, भरा, फिल्टर चालू करा, झाडं लावा आणि महिनाभर मासे आणू नका. रोज चिमूटभर माशांचं खाणं मात्र रिकाम्या पाण्यात टाका. ते कुजेल, अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या. विरजणासारखंच आहे हे, आणि त्याने बरेच दिवस वाचतात. पाणी तपासायचे थेंबांचे किट दुकानात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की पहिले चार-पाच मासे आणा. बाकीचे पंधरा दिवसांनी.

आता पाण्याविषयी. ठाण्याला पाणी येतं ते भातसा आणि उल्हास नद्यांचं, काही भागांत बारवी धरणाचं. कल्याण-डोंबिवलीची तहानही उल्हास आणि बारवीवरच भागते. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेल्या पावसाचं हे पाणी मुळात हलकं, कमी क्षारांचं असतं. छोट्या शांत माशांपैकी पुष्कळांना असंच पाणी मानवतं. घरचं शुद्धीकरण यंत्रातलं आरओचं पाणी टाकीत घालू नका. त्यातले क्षार जवळपास निघून गेलेले असतात आणि माशाला थोडे क्षार लागतातच. उलट ज्या सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी मिसळतात तिथे पाणी जड असू शकतं. ते गप्पी, मॉली, प्लॅटी यांना आवडतं, टेट्रांना नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पहिल्या पावसात पाणी गढूळ येऊ लागलं की बालदीत नाक घातल्यावर त्याचा वास जास्त जाणवतो. पाणी उघड्या बालदीत दिवसभर ठेवा किंवा दुकानात 'हायपो' म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे विरघळवून घाला. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, सगळी टाकी कधीच रिकामी करायची नाही. स्पंज धुवायचा तो काढलेल्या जुन्या पाण्यात, दोनदा पिळून, बस.

टाकी किती मोठी? लहान भांड्यात मासे पाळणं सोपं, हा समज उलटा आहे. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर जिवावर बेतते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर 50 लिटरांच्या थोडी वर पाणी घेते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून 45 लिटर धरा. वाळू-काचेसकट तिचं वजन 70 किलोच्या घरात जातं. जुन्या इमारतींत ती गॅलरीच्या टोकाला न ठेवता भिंतीलगत, खाली भक्कम टेबल घेऊन ठेवावी, उन्हापासून दूर. गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश पाहिला की माझ्या पोटात कालवतं. तो थंड पाण्याचा मासा. नीट वाढला तर वीतभर होतो आणि घाणही तितकीच करतो. घराला बरकत यावी म्हणून अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न आणणारेही पुष्कळ आहेत. ते दोन्ही मोठे, शिकारी मासे आहेत, बाकीच्यांना खाऊन टाकतात. घरातल्या दोन फुटी टाकीत शोभतात ते बोटाच्या पेरापासून बोटाएवढे, कळपात राहणारे, कुणाला न छळणारे मासे.

त्यांत सगळ्यांना हवा असतो तो निऑन टेट्रा. निळी रेघ, लाल शेपूट, दिसतो अप्रतिम. पण तो ॲमेझॉन खोऱ्यातल्या जंगलाच्या सावलीतल्या ओढ्यांचा, 20 ते 26 अंशांत रमणारा मासा आहे. ठाण्यात मे महिन्यात टाकीचं पाणी 31-32 अंशांवर जातं आणि निऑन एकेक करून जातात. दर उन्हाळ्यात नवे आणत राहणं मला पटत नाही. त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा रिओ निग्रोचा. तो ऊब जास्त सोसतो, फक्त महाग पडतो. मग आपल्याकडचेच मासे का नको?

अंगावर निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा झेब्रा डॅनियो बघा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. थंडी, उन्हाळा, गढूळ पावसाळी पाणी हे सगळं त्याच्या रक्तातच आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच मासा आता उंदराच्या बरोबरीने वापरतात. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते पुन्हा भरून येतं, म्हणून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. आठ झेब्रांचा कळप दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतो. दोनच आणाल तर एक दुसऱ्याला हाकलत राहील. कळपाच्या माशांचं गणित सहापासून सुरू होतं. टाकीला जाळीचं झाकण हवं, तो उडी मारतो. दुसरा मधाच्या रंगाचा हनी गुरामी, हाही ईशान्येकडचा आणि बंगालचा. त्याला कल्ल्यांखेरीज वरची हवा घेणारा एक अवयव असतो, त्यामुळे वीज गेली, पंप बंद पडला तरी तो तग धरतो. त्याची एक जोडी आणि झेब्रांचा एक कळप, तळाला थोडी झाडं, की दोन फुटी टाकी भरली. मोह कितीही झाला तरी इथेच थांबावं.

गप्पीबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण मराठी माणसाला नावानिशी ठाऊक असलेला शोभेचा मासा हाच. हिवताप-डेंग्यूच्या मोहिमेत आपल्या आरोग्य खात्याने विहिरींत, पाणी साठलेल्या खड्ड्यांत डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडले, शाळांत त्यांची माहिती दिली. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा. त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांचं आडनाव त्याला चिकटलं. तो काटक आहे, कमी प्राणवायूतही जगतो, पिल्लं घालतो आणि साधारण महिन्या-महिन्याने घालतो. दुकानातून आणलेली मादी बहुधा आधीच गाभण असते. एक नर आणि दोन माद्या आणणाऱ्याच्या घरी वर्षभरात टाकी पुरत नाही. नवख्याने फक्त नर आणावेत, रंगही त्यांचेच.

आणि आपल्या सह्याद्रीचं काय? लहानपणी वडील मला चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे आमच्या पिढीचं माशांचं पहिलं विद्यापीठ. तिथे क्युरेटर राहिलेले बी. एफ. छापगर आणि त्यांचे सहकारी एस. आर. साने यांनी 1992 मध्ये पश्चिम घाटातला एक इवलासा, काळ्या पट्ट्यांचा बार्ब शास्त्राला नवा म्हणून नोंदवला आणि मत्स्यव्यवसाय खात्याचे पहिले संचालक सेटना यांचं नाव त्याला दिलं. कोकणातल्या ओहोळांत, भातखाचरांत आढळणारा पिकू तर डोक्यावरच्या चकाकत्या ठिपक्यामुळे वरून पाहताच ओळखू येतो. असे मासे पाहून वाटतं की ॲमेझॉनपर्यंत जायचं कशाला. पण ओढ्यातून जाळीने उचलून आणू नयेत. केरळच्या लाल रेघेच्या 'मिस केरळ' माशाला परदेशात मागणी आली आणि नद्यांमधून तो इतका उपसला गेला की आज त्याची नोंद धोक्यातल्या जातींत आहे. टाकीत पैदास झालेलेच मासे मागा. आपल्या दुकानांतले बरेचसे मासे चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये नाहीतर कोलकात्याच्या आसपास पैदास झालेले असतात. 'कुठून आले' हे विचारलं तर चांगला दुकानदार सांगतो.

पावसाळा सोपा जातो, हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीतल्या चार-सहा रात्री सोडल्या तर हीटरची गरज पडत नाही. आपला खरा कसोटीचा महिना मे. 25 अंशांवर एक लिटर पाणी सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, 30 अंशांवर 7.5. त्याच वेळी माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. तिन्ही संकटं एकदम येतात. यावर उपाय माठाचाच. झाकणाऐवजी जाळी ठेवा आणि पाण्यावरून छोटा पंखा फिरवा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. आटलेलं पाणी रोज भरा. दुपारचं खाणं बंद करा. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जीव वाचवतो, तो घरात असूच द्या. खाणं एरवीही दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा. आमच्या माशांना गुरुवारी उपास असतो. त्याने कुणी मरत नाही, जास्त खाण्याने मात्र पाणी मरतं.

टाकी नीट बसली की ती वर्षानुवर्षं चालते. रोजची पाच मिनिटं, रविवारचा अर्धा तास. घरातलं मूल काचेला नाक लावून बसतं आणि एक दिवस अचानक सांगतं, "आजी, तो एक जण आज जेवायला आलाच नाही." त्या पोराला मोजणी शिकवावी लागत नाही.

एक विनंती. बदलीमुळे, घर हलवल्यामुळे किंवा कंटाळा आल्यामुळे मासे नकोसे झाले तर ते मासुंद्यात, कचराळी तलावात किंवा येऊरच्या ओढ्यात सोडू नका. काच साफ करतो म्हणून दोन इंचांचा आणलेला सकर मासा वाढून दीड फुटाचा होतो. तलावात सोडला की काठ पोखरतो, इतर माशांचं अन्न खातो. उजनीच्या जलाशयात त्याने मच्छीमारांच्या जाळ्यांचं काय केलं, ते तिथल्या माणसांना विचारावं. गप्पीही वाहत्या ओढ्यात गेले तर तिथल्या छोट्या माशांची पिल्लं खातात. त्यापेक्षा मासे दुकानात परत द्या, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाका, कुणीतरी घेतंच. आणि देताना त्यांच्याबरोबर तो काळा स्पंजही ओला ठेवून द्या.