बारसूचा सडा आणि न विचारलेली संमती

अणुस्कुरा घाट उतरला की कोल्हापूर जिल्हा मागे पडतो आणि राजापूर तालुका लागतो. तिथे 2017 पासून चाललेल्या रिफायनरीविरोधी लढ्याकडे घाटावरून पाहताना आपण बहुधा दोनच गोष्टी विचारतो: प्रदूषण किती होईल आणि नोकऱ्या किती मिळतील? दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. गावाला आधी कोणी विचारले होते का, हा पहिला प्रश्न. तो टाळायचा, विरोधकांना अडाणी किंवा भडकावलेले ठरवायचे आणि शेवटी सगळे प्रकरण पोलिसांकडे सोपवायचे, ही तेल उद्योगाची आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शासनाची रीत राजापुरात सहा-सात वर्षे उघड दिसली.

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांनी मिळून आखलेला हा प्रकल्प वर्षाला 6 कोटी टन क्षमतेचा, सुमारे 3 लाख कोटी रुपयांचा. 2018 मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक यांच्याशीही भागीदारीचे करार झाले. नाणार परिसरातील जमिनीसाठी 2017 मध्ये अधिसूचना निघाली ती एमआयडीसीच्या 1961 च्या कायद्याखाली. 2013 च्या भूसंपादन कायद्यातली सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची अट त्या वाटेत आडवी येत नाही. लोक हटले नाहीत आणि मार्च 2019 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, अधिसूचना रद्द झाली. जानेवारी 2022 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातले बारसू सुचवले. नाणारच्या विरोधकांबरोबर उभा राहिलेला पक्ष त्यांचाच, हे विशेष! परिसरातील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. तरीही एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या गाड्या मोठ्या पोलीस बंदोबस्तात सड्यावर चढल्या. बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, धरपकड झाली, अश्रुधूर सोडला गेला. त्याआधी दोनच महिने, 6 फेब्रुवारीला, पत्रकार शशिकांत वारिशे यांना राजापुरात गाडीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्या रिफायनरी समर्थकाविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच्यावर पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला.

जमीन तर नुसता कातळ, तिचे एवढे काय, असा एक आक्षेप ऐकू येतो. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवरच्या बॉक्साइट खाणी पाहिलेल्या कोल्हापूरकरांना तरी तो पटू नये. जांभ्याचा हा कातळ पावसाचे पाणी मुरवतो आणि तेच खाली झऱ्यांना, विहिरींना मिळते. सड्यावर गुरे चरतात. सुरुंग लावून खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून लोकांनी त्यावर हापूसची कलमे जगवली आहेत. बारसूच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत, आणि कोकणातील ज्या कातळशिल्पांना युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत जागा मिळाली त्यांत बारसूचीही आहेत. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिले म्हणून जमीन निरुपयोगी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: देशाला इंधन हवे, रिफायनरी कुठे तरी होणारच, आणि ही तर ‘ग्रीन रिफायनरी’. पण भारताची शुद्धीकरण क्षमता आजच सुमारे 25 कोटी टन आहे आणि आपण पेट्रोलियम उत्पादने निर्यातही करतो. आयात होते ते कच्चे तेल, ते नव्या रिफायनरीने कमी होत नाही. हिरवेपणाचे म्हणाल तर मुंबईत माहुल आहे. तिथल्या हवेतील घातक वायूंबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2020 मध्ये चार कंपन्यांवर मिळून 286 कोटी रुपयांची भरपाई बसवली. त्यांत हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम होत्या, म्हणजे बारसूच्या तिघांपैकी दोघी. याच माहुलच्या वसाहतीत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठवलेली गरीब कुटुंबे आणून बसवली होती. धूर कोणाच्या वाट्याला द्यायचा हेही असे आधीच ठरलेले असते.

नोकरीचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. कोकणातली पोरे मुंबईला जातात ती हौसेने नव्हे, आणि प्रकल्पाला पाठिंबा देणारे स्थानिकही आहेत. त्यांचे म्हणणे ग्रामसभेतच ऐकले जायला हवे. हरले तर हरले, जिंकले तर जिंकले. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी असताना संमतीपत्रांची संख्या दाखवणे म्हणजे गावाचा होकार नव्हे.

एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरून टोल हटवणाऱ्या कोल्हापूरला हे समजावून सांगायला नको. शक्तिपीठ महामार्गाची जिल्ह्यातली अधिसूचना ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर मागे घेतली गेली आणि निवडणुकीनंतर तो विषय पुन्हा वर आला. नाणार-बारसूचीच ही चाल. तेव्हा यापुढे ‘विरोधकांचे गैरसमज दूर करू’ असे निवेदन छापून आले, की त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव काय आहे एवढे आपल्या आमदार-खासदारांना जरूर विचारा.